पालघर-तारापूर परिसरातील परकीय वनस्पती : वानस्पतिक नोंदींचे साधनमूल्य आणि हवामान-अनुकूलनाचा प्रश्न

प्रास्ताविक

'गाजर गवत' अथवा 'काँग्रेस गवत' या नावाने महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेल्या पार्थेनियम हिस्टेरोफोरस या वनस्पतीविषयी एक कथा सर्वतोमुखी आहे. पीएल-४८० करारान्वये अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून तिचे बी भारतात पोहोचले, अशी ही कथा होय. वर्गात, वृत्तपत्रांत आणि कित्येक पाठ्यपुस्तकांत ती निःशंकपणे सांगितली जाते. तथापि तारखा मांडून पाहिल्या तर ती अडखळते. भारत व अमेरिका यांच्यातील सदर करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. आर. एस. राव यांनी पुण्यात ही वनस्पती १९५५ साली पाहिली होती आणि भारतासाठी नवी नोंद म्हणून १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. करारापूर्वी १९५१ साली अमेरिकन गहू कर्जाऊ आला होता हे खरे. म्हणून गव्हाचा संबंध सर्वस्वी निकालात निघत नाही. परंतु देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील १८८० सालचा, ब्रँडिस यांच्या नावाचा वाळवलेला नमुना आणि रॉक्सबर्ग यांच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या १८१४ च्या यादीतील उल्लेख लक्षात घेता, ही वनस्पती भारतात दीड शतक आधीच येऊन गेली होती असे म्हणावे लागते.

मराठी इतिहाससंशोधनाला हा प्रकार अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा बखर आणि अस्सल कागद यांतील भेद अभ्यासकांच्या मनावर बिंबला. बखर खोटीच असते असे नव्हे. परंतु तिची तारीख, तिचा लेखक आणि तिचा हेतू तपासल्यावाचून ती प्रमाण मानता येत नाही. वनस्पतींच्या स्थलांतराच्या इतिहासात लोकश्रुती ही बखर होय आणि स्थळ, तारीख व संग्राहक यांची चिठ्ठी डकवलेला हर्बेरियममधील नमुना हा अस्सल कागद होय.

परकीय वनस्पती एखाद्या प्रदेशात केव्हा आली, एवढ्यापुरतेच या अस्सल कागदांचे मोल नाही. बदलत्या हवामानाशी ती कशी जुळवून घेत आहे, याचा माग काढण्यासाठीही त्यांचा उपयोग होऊ शकतो. पालघर, बोईसर-तारापूर आणि लगतचा डहाणू-घोलवडचा बागायती पट्टा या मर्यादित क्षेत्रापुरता या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नोंदींची परंपरा

उत्तर कोकणचा हा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'त मोडत होता. अमेरिका खंडातील अनेक वनस्पती पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. अननस, काजू, पपई, बटाटा हे मराठी शब्दच त्या प्रवासाची साक्ष देतात. मात्र शब्दाला तारीख नसते. गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात काजूचा उल्लेख सापडत नाही. आकोस्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात तो कोचीनच्या बागांच्या संदर्भात येतो. या दोन वर्षांमध्ये काजू आला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

पद्धतशीर नोंदींना प्रारंभ झाला तो एकोणिसाव्या शतकात. मुंबईचे टपाल अधिकारी जॉन ग्रॅहम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. डाल्झेल आणि गिब्सन यांच्या १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'मध्ये लावलेल्या व बाहेरून आलेल्या वनस्पतींसाठी स्वतंत्र पुरवणी जोडलेली आहे. म्हणजे देशी आणि आगंतुक असा भेद त्या काळीच ग्रंथाच्या बांधणीत उतरला होता. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींना वाहिलेला पंचविसावा खंड १८८६ मध्ये निघाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनश्री १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रकाशित झाली. विसाव्या शतकात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील पश्चिम मंडळ यांनी ही परंपरा पुढे नेली.

कुक यांच्या ग्रंथातील एक बारीकशी खूण येथे नमूद करण्याजोगी आहे. वनस्पतीचे स्थान देताना ते संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह देतात. वनस्पतिशास्त्राच्या संकेतानुसार त्याचा अर्थ 'हा नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे' असा होतो. ऐकीव आणि पाहिलेले यांत एका चिन्हाने केलेला हा भेद कित्येक ऐतिहासिक ग्रंथांतही आढळत नाही. स्थानिक नाव आणि फुलण्याचे महिनेही ते अनेक ठिकाणी देतात. शतकापूर्वी एखादी वनस्पती कोणत्या महिन्यात फुलत असे, याचा प्रदेशवार आधार त्यामुळे मिळतो. गाजर गवताची नोंद या ग्रंथात नाही, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे.

स्थळनामांचा गोंधळ

हे कागद वाचताना पहिली अडचण येते ती स्थळाची. कुक यांच्यासारखा काटेकोर ग्रंथकारही पुष्कळदा केवळ 'कोकण' एवढेच लिहून थांबतो. 'कोकण' या एका शब्दात डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतचा किनारा सामावतो. हवामानाच्या अभ्यासात एवढी मोघम जागा निरुपयोगी ठरते.

त्याहून फसवी अडचण 'माहीम' या नावाची आहे. आजचा पालघर तालुका ब्रिटिश अमदानीत माहीम तालुका म्हणून ओळखला जाई आणि त्याचे ठाणे केळवे-माहीम येथे होते. रेल्वेमुळे पालघर पुढे आले आणि तालुक्याचे नावही बदलले. अशा स्थितीत जुन्या चिठ्ठीवर नुसते 'माहीम' लिहिलेले असेल, तर तो नमुना मुंबई बेटावरील माहीमच्या खाडीकाठचा की केळवे-माहीमच्या बागायतीतला, हे ठरविण्यासाठी संग्राहकाचा प्रवासक्रम, आधीच्या व नंतरच्या नमुन्यांच्या तारखा आणि सोबतच्या वनस्पती पाहाव्या लागतात. तारापूर नावाची गावे गुजरातेत आणि बिहारातही आहेत. शिवाय पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तत्पूर्वीच्या सर्व नमुन्यांवर 'ठाणे', 'ठाणा' किंवा जुन्या वर्णलेखनातील 'टान्ना' असते. संगणकीय माहितीसाठ्यात अशा नोंदीला जिल्ह्याचा मध्यबिंदू देऊन टाकण्याची सोपी पद्धत वापरली, तर समुद्रकाठची वनस्पती एकदम डोंगरात जाऊन बसते. मग ती 'किनाऱ्यावरून डोंगराकडे सरकली' असा निष्कर्ष निघण्यास वेळ लागत नाही.

दुसरी अडचण तारखेची. महाविद्यालयीन सहली पावसाळा ओसरल्यावर, परीक्षांचे वेळापत्रक सांभाळून निघतात. त्यामुळे महाविद्यालयांतील संग्रहांत ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतील फुलांची गर्दी असण्याचा संभव अधिक. ही गर्दी वनस्पतीच्या वेळापत्रकाची असते की विद्यापीठाच्या, हे तपासल्याशिवाय 'फुलण्याचा काळ बदलला' असे विधान करणे धाडसाचे होईल.

अनुकूलन म्हणजे काय

हवामान बदलले आणि वनस्पतीही बदलली, एवढ्यावरून तिचे अनुकूलन सिद्ध होत नाही. एकच झाड उन्हात वेगळे आणि सावलीत वेगळे वाढते. ही त्याची उपजत लवचिकता होय. पिढ्यान्पिढ्या निवड होऊन आनुवंशिक गुणच बदलणे ही निराळी प्रक्रिया आहे. दोन्हींचा परिणाम चिठ्ठीवर एकसारखाच दिसू शकतो.

हा भेद सोडविण्याचा एक यशस्वी प्रयत्न उत्तर अमेरिकेत झाला. युरोपातून तेथे गेलेल्या लायथ्रम सॅलिकेरिया या जांभळ्या फुलांच्या पाणथळ वनस्पतीवर कोलॉटी आणि बॅरेट यांनी काम केले. वेगवेगळ्या अक्षांशांवरील बी गोळा करून त्यांनी ते निरनिराळ्या हवामानाच्या तीन ठिकाणी शेजारी शेजारी वाढविले. उत्तरेकडील झाडे लवकर, लहान असतानाच फुलतात आणि तेथील आखूड हंगामात त्यांनाच अधिक बी धरते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. म्हणजे फरक मातीचा अथवा थंडीचा नव्हता, तो बियाण्यात उतरलेला होता. पुढे वू आणि कोलॉटी यांनी २०२२ मध्ये तीन हजारांहून अधिक हर्बेरियम नमुन्यांच्या आधारे या प्रसाराचा दीडशे वर्षांचा पट मांडला. आरंभी बदल वेगाने झाला आणि नंतर तो स्थिरावला, असे त्यांना दिसले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधील २३ परकीय प्रजातींच्या जुन्या-नव्या नमुन्यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के प्रजातींत किमान एक तरी गुण कालौघात बदललेला आढळला.

या अभ्यासांची भिस्त एका गोष्टीवर होती. सामान्य, रस्त्याकडेच्या, कोणी ढुंकूनही न पाहावे अशा तणांचे नमुने तेथील संग्राहकांनी वर्षानुवर्षे वाळवून ठेवले होते.

चिकू : कलमाचा साक्षीदार

पालघर जिल्ह्यातील सर्वांत प्रतिष्ठित परकीय वनस्पती कोणती, या प्रश्नाचे उत्तर चिकू असेच द्यावे लागेल. मेक्सिको आणि मध्य अमेरिका ही त्याची मूळ भूमी. घोलवड येथे १८९८ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाल्याचे सांगितले जाते. पारशी-इराणी बागायतदारांनी ती वाढविली आणि 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जे फळ सव्वाशे वर्षांपूर्वी परके होते, त्याला आज कायद्यानेच या मातीचे ठरविले आहे. (केळवे-माहीमची प्रसिद्ध पानवेलही मुळात आग्नेय आशियातली. परकेपणाची मुदत किती वर्षांची धरावी, याचे उत्तर वनस्पतिशास्त्र १५०० सालाची रेघ ओढून देते. ती रेघ सोयीची आहे, पवित्र नव्हे.)

अनुकूलनाच्या दृष्टीने चिकूचे वैशिष्ट्य त्याच्या लागवडीच्या पद्धतीत आहे. कालीपत्ती जातीची फांदी खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या, रोपावर भेट कलमाने बांधली जाते. मूळ स्थानिक जंगली झाडाचे आणि शेंडा मेक्सिकोच्या वंशाचा, असे हे झाड असते. कलमाने वाढविलेली कालीपत्तीची झाडे, कळीतील क्वचित होणारे उत्परिवर्तन वगळता, आनुवंशिकदृष्ट्या एकच होत. त्यांच्यात बीजातून होणारी निवड होत नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या बहराच्या तारखांत फरक आढळला, तर तो फरक झाडाच्या उत्क्रांतीचा नसून हवेचा, पाण्याचा किंवा बागायतदाराच्या हाताचा असणार. अनुकूलन येथे झाड करीत नाही. छाटणी, पाणी, खत आणि तोडणीची वेळ बदलून माणूस करतो.

याच कारणामुळे चिकूची बाग ही एक प्रकारची मोजपट्टी ठरते. फुलापासून फळ तयार होण्यास अनेक महिने लागतात, त्यामुळे फळाला पावसाळा चुकविता येत नाही आणि सतत ओल राहिली की बुरशीजन्य फळगळ होते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेले. या घडामोडींचा ठसा बागेच्या तोडणीच्या आणि अडतीच्या वह्यांत उमटणे स्वाभाविक आहे. अशा वह्या बागायतदारांच्या घरी माळ्यावर पडून असतात व घर पाडताना रद्दीत जातात. कोणत्याही अभिलेखागाराने त्यांना साधन मानलेले नाही, ही खेदाची बाब होय. हवामानाधारित फळपीक विमा योजनेत चिकूचा समावेश झाल्यापासून तर पाऊस आणि आर्द्रता यांच्या नोंदीवर प्रत्यक्ष भरपाईची रक्कम ठरू लागली आहे. स्वयंचलित केंद्राचा आकडा आणि बागायतदाराच्या वहीतील फळगळ यांची गाठ घालून पाहिल्यास विम्याचे निकष या पिकाला लागू पडतात की नाही, हेही कळू शकेल.

किनाऱ्यावरील सुरूची गोष्ट थोडी वेगळी. केळवे, शिरगाव, बोर्डी येथील सुरूची बने वारा व वाळू अडविण्यासाठी मुद्दाम लावलेली आहेत. सुरू बियांपासून वाढतो, म्हणून त्याच्यात आनुवंशिक विविधता असते. परंतु रोपवाटिकेत बी कोठून आणले याची नोंद टिकली नसेल, तर आज तग धरून असलेली झाडे येथे अनुकूलित झाली की मुळातच क्षार सोसणाऱ्या बियाण्याची होती, हे सांगता येणार नाही.

बोईसर-तारापूर : भरलेली वही, कोरी वही

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. तिसरी व चौथी अणुभट्टी २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाली. बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली. भातखाचरे आणि खाजणालगतची जमीन भरावाखाली गेली. परकीय तणांना याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभते. उघडी पडलेली माती, दुरून आणलेला मुरूम, देशाच्या सर्व भागांतून येणाऱ्या मालमोटारी आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून चालू असलेला लोहमार्ग, हे सर्व बियांचे वाहक होत.

हवामानाच्या अंगाने या पट्ट्याची वही भरलेली आहे. डहाणू येथे भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे. तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्या. चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्यानिमित्तानेही बरीच माहिती जमा झाली.

वनस्पतींच्या अंगाने चित्र निराळे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांची पावले स्वभावतः जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांकडे, दुर्मीळ प्रजातींकडे वळतात. कारखान्याच्या कुंपणाजवळील तण वाळवून ठेवण्यात कोणाला प्रतिष्ठा वाटत नाही. प्रतिष्ठेची ही उतरंड विज्ञानाला महाग पडते. गाजर गवताचेच उदाहरण घ्यावे. देशावर ते जसे माजले, तसा जोर त्याने अतिवृष्टीच्या कोकणपट्टीत धरला नाही, असे सर्वसाधारण निरीक्षण आहे. त्याचा प्रसार बियांनी होतो आणि वर्षात त्याच्या एकाहून अधिक पिढ्या होऊ शकतात. त्यामुळे निवडीला वाव मोठा आहे. अधिक पावसात टिकणारा वाण बोईसरच्या रस्त्याकडेला घडत आहे काय, की दर वर्षी घाटावरून मालमोटारीने नवे बी येते आणि पावसात मरते? पुण्यातील १९५५ नंतरचे नमुने आणि बोईसरमधील क्रमवार नमुने शेजारी ठेवून पानांचा आकार व फुलण्याची तारीख मोजता आली, दोन्हीकडचे बी एकाच वाफ्यात वाढवून पाहता आले, तर या प्रश्नाला उत्तर मिळू शकेल. घाणेरीबाबत आणखी एक गुंतागुंत संभवते. आज रानोमाळ दिसणारी घाणेरी बागांतील संकरित वाणांपासून पसरलेली असल्याने, तिच्यातील वैविध्य येथे घडले की बागेतूनच आले, हे आधी सोडवावे लागते.

लोकनोंदी आणि पुढील काम

जैविक विविधता कायदा २००२ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार स्थापन होणाऱ्या स्थानिक समित्यांवर लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी आली. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे मोठे परिश्रम आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी समाजांतील जाणत्यांना कोणते झुडूप आपल्या वडिलांच्या काळी नव्हते, हे सांगता येते. ती माहिती पुस्तकात नसते. मात्र नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवली, तर ती यादी होते, साधन होत नाही. यादीला काळ नसतो. त्याच गावी, त्याच शिवारात, दर वर्षी ठरलेल्या पंधरवड्यात पुन्हा पाहून तारीख लिहिली तरच हवामानाशी तिचा संबंध जोडता येईल. मोबाइलवरील छायाचित्रांनी आज स्थळ आणि वेळ अचूक मिळते. तरी छायाचित्रातून जनुकीय द्रव्य काढता येत नाही, ते वाळवलेल्या पानातून काढता येते. दोन्ही हवीत.

महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतलेले हर्बेरियम परीक्षेनंतर बहुधा टाकून दिले जाते. त्यातील एकेक चिठ्ठी तपासून, स्थळ म्हणून 'पालघर' एवढेच न लिहिता गाव, जमिनीचा प्रकार आणि झाडांची संख्या नमूद करून, तणांचा एक कायम संग्रह राखणे हे फारसे खर्चाचे काम नाही. वेळ मात्र थोडा आहे. डहाणूजवळील वाढवण बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा पायाभरणी समारंभ झाला. समुद्रात भराव टाकून नवी जमीन तयार होईल, तिच्याकडे जाणारे रस्ते व लोहमार्ग होतील आणि जगभरातील मालाबरोबर नवे बी उतरेल. त्या भरावावर पहिले रोप उगवण्यापूर्वी वाढवण, वरोर, चिंचणी आणि तारापूर येथील आजच्या तणांचे नमुने तारीखवार वाळवून ठेवले गेले, तर पुढील पिढीतील संशोधकाला नव्याने आलेले कोणते आणि आधीपासून असलेले कोणते, हे ओळखण्यासाठी गव्हाच्या पोत्यांच्या कथेवर अवलंबून राहावे लागणार नाही.